सुट्या भागांचं हॉटेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी जवळ आली की आमच्या मावळात अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात. खाली दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर लाल मातीचा लेप, मातीत पेरलेले हळीव, बुरुजावर भाला घेतलेला मावळा आणि वर सिंहासनावर महाराज. नमुना शोधायला इथल्या पोरांना लांब जावं लागत नाही. मान वर केली की लोहगड आणि विसापूर, जरा पलीकडे तुंग आणि तिकोना. या बांधकामात धर्म कधी आडवा आला नाही. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही कोपरापर्यंत चिखलात बुडालेली असतात आणि त्यांच्या आया त्यांना सारख्याच तळमळीनं ओरडत असतात.

गंमत बघा, लोणावळा आणि खंडाळा ही गावं पोट भरतात ती हॉटेलांवर. दर शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. पण अंगणात कुणी हॉटेल बांधलेलं मी पाहिलं नाही. पोरं किल्लाच बांधतात, कारण किल्ला आपला वाटतो. हॉटेल दुसऱ्यांसाठी असतं.

आता मात्र खेळण्यांच्या दुकानांत हॉटेलांचे डबे मिळतात. सुटे तुकडे, सोबत चित्रांची पुस्तिका, आणि जोडलं की टेबलावर दिमाखदार हॉटेल तयार. ही नव्या जमान्याची चैन आहे असं आपण म्हणून जातो. पण सुट्या भागांचं असं एक हॉटेल मुंबईला दीडशे वर्षांपूर्वीच आलं होतं. ते खेळण्यातलं नव्हतं. पाच मजली, खरंखुरं, माणसं राहतील असं होतं, आणि ते विलायतेहून जहाजात घालून आणलं होतं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी खेळण्याकडे बघू.

लेगो हे नाव आता घरोघरी ठाऊक आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातल्या एका सुतारानं, ओले कर्क क्रिस्तियानसेननं, १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून हा कारखाना वाढला. आज आपण ओळखतो त्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. विटेच्या डोक्यावर गोल टेंगळं आणि पोटात नळ्या. टेंगूळ नळीच्या बाजूला घट्ट बसतं, ओढलं तर सुटतं. एवढीच करामत. पण त्या वेळी केलेली वीट आजच्या विटेत बसते. घरातल्या जुन्या डब्याला मूळ झाकणही बसत नाही, अशा आपल्या संसारात हे कौतुकाचंच म्हणायला हवं.

या कंपनीनं २००७ साली रस्त्यावरच्या घरांची एक मालिका सुरू केली. तिच्यातलं पहिलंच घर होतं कोपऱ्यावरचं कॅफे, आणि त्याच्या कोपऱ्यावर उभी पाटी होती 'हॉटेल'. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, त्याच मालिकेत खास हॉटेलच आलं. तुकडे ३,०६६, माणसं सात, डब्यावर वय लिहिलंय अठरा आणि पुढे. म्हणजे खेळणं मुलांचं आणि खेळणारे बाप्ये! माझ्या बहिणीच्या घरी आखातातल्या एका नातेवाइकानं हा डबा पाठवला आणि तिच्या नातवाबरोबर आठवडाभर मी तो जोडत बसलो. म्हणून त्याच्याविषयी चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी मानतो.

चांगलं ते आधी सांगतो. तुकडा तुकड्यात इतका नेमका बसतो की बोटांना समाधान वाटतं. पुस्तिकेत वाक्यं जवळपास नाहीत, चित्रंच चित्रं. अक्षर न येणाराही ती वाचू शकेल. इमारत जुन्या युरोपी धाटणीची, रस्त्याच्या कोपऱ्यावरची. एक मजला उचलून बाजूला ठेवता येतो आणि आत डोकावता येतं. खाली स्वागतकक्ष, शेजारी चित्रांचं छोटं दालन, वर पाहुण्यांच्या खोल्या, गच्चीवर बसायची जागा. रंग डोळ्यांना निवांत वाटतात. घाई करणाऱ्या माणसाला आठवडाभर गप्प बसवायची ताकद या डब्यात आहे.

आता उणं. पुस्तिका बरोबर चालवते, पण तुमच्या मनाला विचारत नाही. तीन हजार तुकडे जोडूनही 'हे मी बांधलं' असं म्हणताना जीभ जरा अडखळते. किल्ल्याचं तसं नसतं. तो वाकडा असतो, पण आपला असतो.

दुसरी गोष्ट शब्दाची. मराठीत हॉटेल म्हणजे जिथं चहा, भजी आणि मिसळ मिळते ते. राहायचं ते लॉज. घरात खेळायला आलेल्या शेजारच्या पोरानं पहिला प्रश्न हाच विचारला, "चाचा, याच्यात मिसळ कुठं मिळते?" त्या पोराचे वडील लोणावळ्यातल्या एका हॉटेलात कामाला आहेत. इतकं सगळं जोडून झाल्यावर त्यानं सामान उचलणारा टोपीवाला पोऱ्या उचलला आणि पाहुण्यांच्या पलंगावर आडवा केला. बहिणीचा नातू चिडला, "अरे, तो नोकर आहे, तो इथं नाही झोपत." शेजारचा पोरगा शांतपणे म्हणाला, "त्याची नाइट ड्यूटी संपली ना."

एवढ्या मोठ्या खेळण्याचं याहून चांगलं परीक्षण मला तरी करता येणार नाही. हॉटेल म्हणजे काय हे त्या पोराला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण खोली बघतो, त्याला खोली आवरणारा दिसतो.

जोडायच्या खेळण्यांचा आणि बड्या हॉटेलांचा संबंध जुना आहे. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ साली भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. १९०७ साली त्याला 'मेकॅनो' हे नाव मिळालं. आपल्याकडच्या अनेक मुलांनी पूल, क्रेन आणि मोटारी प्रथम बांधल्या त्या अशाच पट्ट्यांतून. अमेरिकेत १९१६च्या सुमाराला जॉन लॉइड राइट यानं खाचा पाडलेल्या लाकडी ओंडक्यांचं खेळणं काढलं, 'लिंकन लॉग्ज'. ही कल्पना त्याला सुचली ती एका हॉटेलामुळे. त्याचे वडील फ्रँक लॉइड राइट हे विख्यात वास्तुशिल्पी. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलचं काम त्यांच्याकडे होतं आणि मुलगा हाताखाली होता. भूकंपाच्या देशात एकमेकांत अडकणाऱ्या तुळयांवर इमारत उभी करायचा विचार तिथं चालला होता. त्यातून मुलाच्या मनात खेळणं आलं. ते हॉटेल १ सप्टेंबर १९२३ रोजी सुरू व्हायचं होतं, नेमका त्याच दिवशी टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला. हॉटेलला इजा झाली, पण ते उभं राहिलं. पुढे १९६८पर्यंत माणसांनीच ते पाडलं. दर्शनी भाग तेवढा नागोयाजवळच्या एका संग्रहालयात पुन्हा रचून ठेवलाय. आणि २०१३ साली लेगोनं त्याच हॉटेलचं खेळणं काढलं. म्हणजे हॉटेलातून खेळणं जन्मलं, हॉटेल गेलं, आणि ते पुन्हा खेळण्यात परत आलं. भूकंपातून वाचलेली वास्तू जागेच्या भावातून वाचत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्या मुंबईचं हॉटेल. काळ्या घोड्याजवळ, सत्र न्यायालयाच्या शेजारी, एक काळवंडलेली लांबलचक इमारत आहे. तिचं आताचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. मूळ नाव वॉटसन्स हॉटेल. देशात उभ्या असलेल्या बिडाच्या इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते.

काळ असा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला येईना, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची भूक भागवायला मुंबईचा कापूस जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेचे तुकडे विकायला निघाले. जॉन हडसन वॉटसन या मुंबईतल्या इंग्रज कापड व्यापाऱ्यानं १८६४ साली त्यातला एक तुकडा घेतला.

इमारतीचा आराखडा केला रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्यानं. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छपरात ज्याचा हात होता आणि टेम्सवरचा अल्बर्ट पूल ज्यानं बांधला, तोच हा माणूस. त्यानं घर दगड-विटांत बांधलं नाही, लोखंडात आखलं. बिडाचे खांब आणि तुळया विलायतेच्या ओतकाम कारखान्यात तयार झाल्या, जहाजात भरल्या आणि मुंबईच्या बंदरावर उतरल्या. १८६७ ते १८६९ या काळात त्या इथं एकमेकींना जोडल्या गेल्या.

याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या वाड्यात भिंत भार वाहते. म्हणून खालची भिंत हातभर जाड लागते आणि खिडक्या जपून पाडाव्या लागतात. इथं भार सगळा लोखंडी सांगाड्यानं घेतला. भिंती नुसत्या मधली जागा भरायला. त्यामुळे पाच मजले चढवता आले, चारी अंगांनी उघडे छज्जे देता आले, वारा खेळवता आला. ओतकामाचा एक साचा केला की त्यातून हवे तितके सारखे खांब निघतात. एक खांब दुसऱ्याच्या जागी बसतो. हे सगळं मी लेगोच्या डब्याचं वर्णन करतोय की वॉटसनच्या हॉटेलचं, असा प्रश्न तुम्हाला पडला तर त्यात तुमची चूक नाही.

याच वर्षांत आमच्या बोरघाटातही लोखंडाचाच खेळ चालला होता. १८६३ साली घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला, २५ बोगद्यांतून आगगाडी खंडाळ्याला चढू लागली. रूळ आणि इंजिनं विलायतेहूनच आलेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवं. पण घाटात एका वेळी ४० हजारांच्या वर मजूर राबत होते. कितीतरी रोगराईनं आणि अपघातानं गेले. त्यांतलं एकही नाव तुम्हाला-मला माहीत नाही. १८६७ साली घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. त्याच वर्षी मुंबईत वॉटसनचे लोखंडी खांब उभे राहायला लागले. ते खांब दोरखंडानं वर कुणी ओढले, तुळया कुणी बसवल्या, तीही नावं कुठं नाहीत.

वॉटसनचं हॉटेल मुंबईचं भूषण ठरलं. सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताखाली नाचाचं दालन. वाफेवर चालणारी लिफ्ट होती. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या पोरी. लोक थट्टेनं म्हणत, वॉटसननं आता विलायतेची हवाही तेवढी आणावी. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथं उतरले आणि छज्जासमोरच्या कावळ्यांवर त्यांनी पुढे आपल्या प्रवासवर्णनात मोठ्या प्रेमानं लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला लुमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. सहा छोट्या चित्रफिती, तिकीट एक रुपया. पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात खेळ सुरू झाले तेव्हा चार आण्यांपासून तिकिटं ठेवली गेली. पडद्यावरची आगगाडी तीच, पण चार आण्यांचं दार उघडलं तेव्हा ती मुंबईची झाली. हे खेळ पाहून आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली कुस्तीचं चित्रण केलं. एका मराठी माणसानं नवा खेळ हातात घेतला तो असा.

दारावरून आठवलं. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या हॉटेलात प्रवेश नाकारला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तिला भक्कम पुरावा नाही, अभ्यासक तिच्याविषयी साशंकच आहेत. पण अशी कथा लोकांनी शंभर वर्षं का सांगितली, याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. साहेबी हॉटेलांची दारं एतद्देशीयांना मोकळी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. एका अपमानाची गोष्ट खरी असो-नसो, अपमान खरा होता.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. आराखडा मुळात सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. वैद्यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्यानं काम पुरं केलं. इमारत उलटी बांधली गेली आणि म्हणून वास्तुशिल्पीनं जीव दिला, अशी एक दंतकथा मुंबईत गाईड अजून रंगवून सांगतात. ती खोटी आहे. घोडागाड्या शहराच्या बाजूनं येत म्हणून दार तिकडे, आणि समुद्राचा वारा पाहुण्यांना मिळावा म्हणून खोल्या इकडे, असा साधा हिशेब होता. मला या दंतकथेचा राग येतो. एक मराठी आणि एक दुसरा देशी माणूस एवढी मोठी वास्तू आखतात, आणि लोकांच्या तोंडी उरते ती त्यांची न झालेली चूक.

आता ताज आणि लोणावळा यांचा धागा सांगतो. विजेच्या दिव्यांनी उजळलेलं हॉटेल ही त्या काळी मुंबईत नवलाई होती. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून वीज करायची कल्पना याच जमशेटजींची. १९०४ साली ते वारले, पण त्यांच्या मुलांनी ती पुढे नेली. १९११ साली लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला आणि १९१५ साली खाली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली. आमच्या पावसानं मुंबईच्या गिरण्या फिरल्या, दिवे लागले. मुंबईकर आमच्याकडे पाऊस बघायला येतो तेव्हा मला वाटतं, अरे बाबा, तो तर केव्हाच तुझ्या घरी पोचलाय!

पण या गोष्टीचं दुसरं पान आहे. पुढचं धरण मुळशीला निघालं तेव्हा मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी येणार होतं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह झाला. शेतकरी, बायका, पोरं तुरुंगात गेली. तरी धरण झालं, गावं बुडाली. शहरातला दिवा आणि बुडालेलं शेत यांना जोडणारी तार पुस्तिकेच्या कुठल्याच चित्रात दाखवत नाहीत.

ताज आल्यावर वॉटसनचं तेज ओसरलं. पुढे हॉटेल बंद झालं. दालनांत फळ्या ठोकून खोल्या पाडल्या गेल्या, वकिलांच्या कचेऱ्या आल्या, झेरॉक्सची दुकानं आली, बिऱ्हाडं आली. २००५ साली इटलीचे वास्तुशिल्पी रेंझो पियानो यांच्या पुढाकारानं ही इमारत जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात छज्ज्यांचा एक भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. २०१९ साली उरलेल्यांना बाहेर काढण्यात आलं. आयआयटी मुंबईच्या अहवालानं इमारत पाडायची शिफारस केली. वारसा जपणाऱ्या मंडळींनी ती दुरुस्त होऊ शकते असं सांगून विरोध केला.

मी अभियंता नाही, बी. ए. झालेला कवी आहे. तेव्हा लोखंड किती कुजलंय हे मी सांगणार नाही. पण लेगोचा डबा जोडताना एक गोष्ट मला लख्ख कळली. जी वस्तू तुकड्यांनी बनते तिचा एक तुकडा मोडला म्हणून ती सगळी टाकून देत नाहीत. तुकडा बदलतात. वॉटसनची इमारत मुळातच बदलता येईल अशा भागांची आहे. बिडाचा खांब पुन्हा ओतता येतो. कठीण आहे, खर्चाचं आहे, पण अशा इमारतीबाबत 'दुसरा उपाय नाही' हे वाक्य फार तपासून ऐकायला हवं. आणि तिथं राहणाऱ्या-काम करणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न खांबाच्याही आधी विचारायला हवा. टोकियोचं उदाहरण मी मघाशी दिलं ते यासाठी.

माणसांच्या नावांचा विषय निघालाच आहे तर शेवटी तुम्हाला आमच्या घरी, मावळात परत आणतो. लोणावळ्यापासून थोड्या अंतरावर कार्ला आणि भाजे इथली लेणी आहेत. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथं जाऊन डबा खाऊन आलोय. आता पुन्हा गेलात तर जरा नीट बघा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानीच्या फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड! त्या फासळ्यांवर कसलाही भार नाही, कारण वर अखंड डोंगर आहे. मग त्या कशाला? तर लाकडी घर बांधायची सवय असलेल्या हातांनी दगडात घर कोरलं, आणि त्यांना फासळ्यांवाचून ते घर वाटेना. भाज्याला दर्शनी भागात लाकडी चौकट बसवायची भोकं अजून दिसतात. म्हणजे तिथंही सुटे भाग होतेच. दर्शनी भिंतीवर माडीमाडीची घरं कोरलीत, सज्जे आहेत, कठडे आहेत, कमानी आहेत. बोटभर-हातभर उंचीची ती घरं म्हणजे दगडातलं खेळणंच.

दगडानं लाकडाची नक्कल केली. वॉटसनच्या लोखंडी खांबांनी दगडी खांबांचा थाट घेतला. आता प्लॅस्टिक विटेची नक्कल करतंय. माणूस नवं साधन हातात घेतो तेव्हा आधी जुनंच घर बांधतो. यात हसण्यासारखं काही नाही, आपली वाटचालच अशी आहे.

पण कार्ल्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला मुंबईच्या लोखंडात सापडली नाही. तिथं कोरीव लेख आहेत. ते चैत्यगृह एका राजाच्या तिजोरीतून झालेलं नाही. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं नाव आहे, धेनुकाकट गावच्या लोकांची आहेत, यवनांचीही आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी दुसरा. खांबाखांबावर देणाऱ्याचं नाव. आणि दाराशी एक लेख आहे, वेणुवासाचा मुलगा सामी याचा. त्यानं ते दार केलं. हा सामी व्यापारी नव्हता की भिक्षू नव्हता. तो सुतार होता. घाटातून जाणाऱ्या वाटसरूंच्या वाटेवर, पावसाळ्यात भिक्षूंनी आसरा घ्यायच्या जागी, एका सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलंय.

वाटसरूला आसरा देणं हे आपल्याकडे पुण्याचं काम मानलं गेलं. लेणं म्हणा, धर्मशाळा म्हणा, सराय म्हणा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. हजला निघालेल्या लोकांनी बोचकी उशाला घेऊन तिथं रात्री काढल्या. तिथं काचेचं छत नव्हतं, नाचाचं दालन नव्हतं. हॉटेल हा त्याच आसऱ्याचा पैसे घेणारा भाऊ. पैसे घ्यायला हरकत नाही, पण आसरा देणारा कोण, त्याची ओळख तरी असावी. २००८च्या नोव्हेंबरात ताजवर हल्ला झाला. तिथं ३१ माणसं गेली, आणि त्यांत पाहुण्यांना वाचवायला धावलेले कर्मचारी होते. त्या सर्वांची नावं आज हॉटेलात कोरलेली आहेत. नोकराचं नाव भिंतीवर यायला त्याला मरावं लागावं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

तेव्हा दिवाळीत पोरांना हॉटेलचा डबा आणायचा असेल तर जरूर आणा. खेळणं उत्तम आहे. पुस्तिकेप्रमाणे एकदा जोडू द्या आणि मग मोडू द्या. बहिणीच्या घरी तसंच झालं. चित्रांचं दालन दुसऱ्या आठवड्यात पाडलं गेलं आणि त्या जागी शेजारच्या पोरानं मिसळीचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांना बसायला बाकडी, आणि मागे झोपायला एक खोली. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

आणि कधी काळ्या घोड्याला गेलात, तर सत्र न्यायालयाच्या शेजारी क्षणभर थांबा. छज्ज्याखाली मात्र उभे राहू नका, धोका आहे. समोरच्या पदपथावरून वर बघा. गंजलेले खांब, एकावर एक, एकाच साच्यातून निघालेले, अजून ओळीत उभे आहेत. ते कुणी उभे केले त्यांची नावं आता मिळायची नाहीत. पण ते कुणीतरी उभे केले, एवढं मनात आणून मग पुढच्या चहाच्या हॉटेलाकडे वळा.